‘वाया गेला’ की ‘वाया घालवला’?

प्रश्न असा आला आहे: आवडत्या नटाचा सिनेमा फसला की चाहते हळहळतात, ‘एवढा मोठा नट, पण वाया गेला’. इथे ‘गेला’ बरोबर, की ‘घालवला’ हवं? उदाहरण दिलंय ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’मधल्या अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांचं.

दोन्ही प्रयोग मराठीच आहेत. पण नटाबद्दल ‘वाया गेला’ मी लिहिणार नाही. अन्न वाया जातं, मेहनत वाया जाते, तिकिटाचे पैसे वाया जातात. त्यात अन्नाचा किंवा पैशांचा काही दोष नसतो. माणूस वाया गेला म्हटलं की मात्र अर्थ फिरतो. ‘थोरला शिकला, धाकटा वाया गेला’ एवढं ऐकलं तरी संगत, व्यसन, आईबापांचा घोर, सगळं डोळ्यांपुढे येतं. दोष त्या धाकट्याच्याच पदरात पडतो. चाहत्याला तर नेमकं उलट सांगायचं असतं: हा चांगलाच होता, त्याचा उपयोग कुणाला करून घेता आला नाही.

त्यासाठी ‘घालवणे’ हवं. ‘जाणे’चं प्रयोजकाचं, म्हणजे कुणीतरी ते घडवून आणलं हे सांगण्याचं, काम मराठीत बऱ्याच ठिकाणी हेच क्रियापद करतं. वेळ गेला, वेळ घालवला. नोकरी गेली, नोकरी घालवली. हातचा सामना गेला, हातचा सामना घालवला. ‘गेला’ला करणारा लागत नाही. ‘घालवला’ म्हटल्याबरोबर ‘कुणी?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि चाहत्याचा सगळा राग त्या एका प्रश्नात असतो. कधी तो दिग्दर्शकाचं नाव घेतो, कधी कथेचं. पुष्कळदा नावच घेत नाही. ‘अमिताभला वाया घालवलं’ म्हणून थांबतो.

‘वाया’ हा शब्द जुना आहे. ज्ञानेश्वरीत तो ‘वायां’ असा भेटतो. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा ठिपकाही गेला.

आता मला फार आवडणारी गंमत. ‘अमिताभला वाया घालवलं’ आणि ‘अमिताभ वाया घालवला’ यांत बारीक फरक आहे. पहिल्यात ‘-ला’ लागला, क्रियापद कुणाच्याच लिंग-वचनाप्रमाणे न बदलता ‘घालवलं’ असंच राहिलं, म्हणजे भावे प्रयोग झाला. अमिताभ तिथे माणूस आहे, त्याच्यावर अन्याय झालाय. दुसरा कर्मणी. तिथे क्रियापद अमिताभप्रमाणे चालतं, पण अमिताभ स्वतः दूध, केशर, पैसा यांच्या रांगेत जाऊन बसतो. हाताशी असलेला ऐवज सांडला, असा तो सूर. कतरिना कैफच्या वाट्याला त्या सिनेमात इतकं थोडं काम होतं की ‘कतरिना वाया घालवली’ हेच मला जास्त चपखल वाटतं. बोलताना लोक ‘त्याला वाया घालवला’ अशी सरमिसळही करतात. बोलण्यात ती चालते, लिहिताना मी टाळतो.

या सिनेमाचं उदाहरण चांगलं निवडलंय. 8 नोव्हेंबर 2018ला, ऐन पाडव्याला तो आला. अमिताभ आणि आमिर पडद्यावर पहिल्यांदाच समोरासमोर, त्यामुळे पहिल्याच दिवशी 50 कोटींच्या वर गल्ला जमला आणि लगेच ओसरला. आमिरच्या चाहत्यांनी घालवणारा म्हणून दिग्दर्शकाकडे बोट दाखवलं होतं. काही दिवसांनी आमिरनेच जाहीरपणे सांगितलं की जबाबदारी पूर्णपणे माझी, आणि अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकांची माफी मागितली. चाहत्यांच्या वाक्यातली ‘-ने’ची, म्हणजे ‘कुणी घालवलं?’ याच्या उत्तराची, जागा नटाने स्वतःच्या नावाने भरली. त्यामुळे अमिताभबद्दल ‘वाया घालवलं’ बिनधास्त लिहा. आमिरपुरतं ‘आमिरचं काम वाया गेलं’ असं लिहावं.