सगळं एका हातात

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. स्वतःची संस्था काढायची, पहिल्याच नाटकात मुख्य भूमिका आपण करायची, दिग्दर्शन आपलं, निर्मिती आपली, आणि त्यासाठी आईच्या नावावरचा फ्लॅट तारण ठेवायचा. वर दाखला कुणाचा, तर सर हेन्री अर्व्हिंगचा, एकोणिसाव्या शतकात लंडनचं लायसियम नाट्यगृह चालवणाऱ्या नटाचा. 'त्याचं सगळं एका हातात होतं, म्हणून लायसियम उभं राहिलं,' असं तू लिहितेस. दाखला माझ्या आवडत्या माणसाचा निघाला, नाहीतर फोनवर दोन वाक्यांत तुला वाटेला लावलं असतं.

तू अर्व्हिंगला भेटलीस ते थेट लायसियमच्या मालकाच्या खोलीत. मी त्याला इंग्लंडमधल्या संडरलंडच्या विंगेत भेटलो, म्हणजे पुस्तकात हो. तिथून सुरू करू.

त्याचं खरं नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. १८३८ साली सॉमरसेटमधल्या एका खेड्यात जन्मला, लहानपण कॉर्नवॉलच्या खाणगावात मावशीकडे गेलं. आई कडक धार्मिक, नाटक म्हणजे तिच्या लेखी पाप. (आपल्या आज्यांचं आणि तिचं छान जमलं असतं.) बोलताना पोरगा अडखळायचा. लंडनमध्ये हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या एका पेढीत कारकुनी करत होता. नातलगाकडून शंभर पौंड हाती आले तेव्हा त्याने टोप, तलवारी, पोशाख घेतले, कारण त्या काळी नट आपलं सामान आपण घेऊन कंपनीत शिरायचा. १८५६ साली, अठराव्या वर्षी, संडरलंडच्या रंगमंचावर उभा राहिला. 'रिशल्यू' नाटकातलं पहिलंच वाक्य त्याचं, आपल्या मोहिमेला शुभेच्छा देणारं. घशातून धड आवाज निघेना. पुढे शेक्सपिअरच्या 'विंटर्स टेल'मध्ये तर भाषणच विसरला. 'बाजारात या, पुढचं तिथे सांगतो,' असं काहीतरी बडबडून सरळ आत पळाला. प्रेक्षकांनी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. तूही चिपळूणला एकदा दुसऱ्या अंकाचं वाक्य पहिल्या अंकात घेतलं होतंस.

चार वर्षांनी डब्लिनला गेला. तिथे एका लोकप्रिय नटाला काढून त्याच्या जागी याला घेतलेलं. याचा काही दोष नाही, पण लोकांनी सलग तीन आठवडे हुर्यो उडवली. रोज संध्याकाळी तोंडाला रंग लावायचा, बाहेर जायचं, शिव्या खायच्या, आत यायचं. तरी गेला नाही सोडून. अशी दहा वर्षं एडिंबरो, मँचेस्टर, आणखी कुठे कुठे. पाचशेहून जास्त भूमिका केल्या त्याने. पाचशे! आज आपल्या पोरांना एका नाटकाचे पाचशे प्रयोग झाले की सत्कार लागतो. तिथे आठवड्याला नवी नाटकं उभी राहायची. नट कधी राजा, कधी नोकर, कधी मारेकरी, आणि पाठांतर रात्री मेणबत्तीत. पाय फेंगडे टाकायचा, आवाज बारीक, उच्चार विचित्र. या साऱ्याची टिंगल शेवटपर्यंत झाली. पण त्या दहा वर्षांत त्याला एक कळलं होतं. ज्या गोष्टी लपवता येत नाहीत त्यांच्याभोवती भूमिका शिवायची, शिंपी खांद्यातला बाक पाहून कोट शिवतो तशी.

मग 'द बेल्स'. तारीख २५ नोव्हेंबर १८७१. लायसियम तेव्हा बेटमन नावाच्या अमेरिकन माणसाकडे होतं. आपल्या मुलीला पुढे आणायला त्याने ते भाड्याने घेतलेलं, आणि धंदा बसत चाललेला. अर्व्हिंगने आग्रह धरून हे नाटक लावायला लावलं. ॲल्सेसमधला एक प्रतिष्ठित गावप्रमुख. पंधरा वर्षांपूर्वी बर्फात एका ज्यू प्रवाशाला सोन्यासाठी मारलेलं, कुणाला पत्ता नाही. आणि आता त्याला एकट्यालाच त्या प्रवाशाच्या बर्फावरच्या घसरगाडीच्या घंटा ऐकू येतात. बस, एवढंच. बाकी नाटक सामान्य आहे, मी वाचलंय. पण घंटा ऐकू आल्यावर त्या माणसाचा चेहरा काय होतो, ते पाहायला लंडन दीडशे रात्री येत राहिलं.

त्या पहिल्या रात्रीची एक गोष्ट तुला ठाऊक असेल, सगळ्यांनाच असते. बग्गीतून घरी जाताना बायको म्हणाली, असा आयुष्यभर स्वतःचा तमाशा करत राहणार का? हाइड पार्कच्या कोपऱ्यावर त्याने बग्गी थांबवली, उतरला, आणि पुन्हा त्या घरी गेला नाही. आपल्या धंद्यात ही गोष्ट टाळ्यांसाठी सांगतात. मला ती कधी फारशी आवडली नाही. घरी सव्वा वर्षाचा मुलगा होता आणि दुसरा पोटात होता. तू आईचा फ्लॅट तारण ठेवायचं म्हणतेस म्हणून मुद्दाम लिहितोय. बग्गीतून उतरणाऱ्याची गोष्ट होते. आत बसून राहिलेल्याची होत नाही.

१८७८च्या अखेरीस लायसियम त्याच्याकडे आलं. ३० डिसेंबरला 'हॅम्लेट'ने पडदा उघडला. इथे तुझं 'एका हातात' तपासून बघ. पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर तीन माणसं होती. नायिका ऑफिलिया करणारी एलन टेरी, जिच्यावर लोक त्याच्यापेक्षाही जास्त जीव टाकत. रंगमंचाची व्यवस्था लव्हडेकडे, जो मुळात व्हायोलिन वाजवणारा. आणि हिशेब, पत्रव्यवहार, दौरे, दारावर उभं राहून पाहुण्यांचं स्वागत हे सगळं ब्रॅम स्टोकरकडे. हो, तोच, 'ड्रॅक्युला' लिहिणारा. डब्लिनमधली पक्की सरकारी नोकरी सोडून आला आणि सत्तावीस वर्षं अर्व्हिंगची पत्रं लिहीत राहिला. ती कादंबरी म्हणजे उरलेल्या वेळातलं काम! मी व्यवस्थापक होतो म्हणून पक्षपात करतोय असं म्हण हवं तर, पण लायसियमच्या जाहिरातीवरून स्टोकरचं नाव काढ आणि मग बघ किती दिवस चालतं ते.

अर्व्हिंगचा स्वतःचा मोठेपणा कशात होता तेही सांगतो, नाहीतर म्हणशील काकाला खुसपटंच दिसतात. उजेडात. प्रेक्षागृह अंधारात ठेवून रंगमंचच तेवढा उजळायचा, हे तिथे त्याने रुजवलं. गॅसच्या दिव्यांना रंगीत काचा लावून, तापवलेल्या चुन्याचे झोत, म्हणजे लाइमलाइट, हातात धरून माणसं वर बसवून, खेळ संपल्यावर रात्र रात्र उजेडाच्या तालमी चालायच्या. बाकी सगळीकडे वीज आली तरी तो गॅसला चिकटून राहिला, कारण गॅसचा उजेड दाट आणि मऊ असतो. पण 'फाउस्ट'च्या तलवारबाजीत ठिणग्या हव्या होत्या, तेव्हा तलवारींत वीज सोडायला त्याने मागेपुढे पाहिलं नाही. साधन कामाला बघून निवडायचं, फॅशनला बघून नाही. तुझ्या पत्रात एलईडी भिंतीसाठी जो आकडा लिहिलाय तो वाचताना मला हेच आठवलं.

१८७९च्या नोव्हेंबरात 'मर्चंट ऑफ व्हेनिस' लागलं आणि अडीचशेच्या आसपास रात्री चाललं. त्यातल्या ज्यू सावकाराला, शायलॉकला, त्याने विदूषक किंवा राक्षस न करता अपमान गिळत आलेला, ताठ मानेचा म्हातारा केला. याच सुमारास, १८८०च्या ऑक्टोबरात, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर शाकुंतलाचे पहिले चार अंक घेऊन उभे राहिले. तेही नोकरीवाले, तेही नट, लेखक आणि कंपनीचे मालक. अर्व्हिंगला मालक म्हणून वीस वर्षं मिळाली. अण्णासाहेब १८८५ साली बेचाळिसाव्या वर्षी गेले. पण त्यांची कंपनी त्यांच्यामागे कित्येक वर्षं चालली. भाऊराव कोल्हटकर होते, मोरोबा वाघोलीकर होते, बाळकोबा नाटेकर होते. पद गाणारा गळा मालकाचाच असला पाहिजे असं तिथे नव्हतं.

लायसियममध्ये मात्र होतं. नाटक निवडताना पहिला प्रश्न, यात अर्व्हिंगला काय आहे? एलन टेरीसारखी नटी, विनोदाची अशी जाण असलेली, पण शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मधली रोझलिंड तिला कधी करायला मिळाली नाही, कारण त्या नाटकात मालकाच्या अंगाची भूमिका नव्हती. नाट्यसमीक्षक बर्नार्ड शॉ ओरडून ओरडून लिहीत होता की बाहेर इब्सेन, नव्या धाटणीचा नॉर्वेचा नाटककार, येऊन उभा आहे, दार उघडा. नाही उघडलं. शेक्सपिअरला कात्री लावली तीही स्वतःला बेतून. 'मर्चंट'चा पाचवा अंक तर काही काळ खेळातून गाळूनच टाकला होता, कारण शायलॉक चौथ्यातच निघून जातो. तू जे नाटक निवडलंयस ते मी वाचलंय. त्यातल्या आईच्या भूमिकेपेक्षा मुलीची भूमिका सरस आहे, आणि तू आईची भाषणं वाढवून मागितलीस असं लेखक मला म्हणाला. रागावू नको त्याच्यावर, मीच खोदून विचारलं.

१८९५ साली त्याला 'सर' मिळालं. नटाला असा मान तिथे पहिल्यांदाच. लोक इथे पुस्तक मिटतात. माझ्या मते खरी वाचायची पानं पुढची आहेत.

१८९६च्या डिसेंबरात 'रिचर्ड तिसरा' लागलं. पहिला प्रयोग जोरात झाला. त्याच रात्री घरी जिन्यावर पाय घसरला आणि गुडघा गेला. झालं, जवळजवळ दहा आठवडे मालक घरी. नाट्यगृह तेच, शेकडो माणसांचे पगार तेच, आणि गल्ला? लोक लायसियमला यायचे ते अर्व्हिंगला बघायला. एक गुडघा आणि अख्खा हंगाम बसला.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १८९८च्या पहाटे, साउथवर्कमध्ये रेल्वेच्या कमानीखाली असलेल्या गोदामाला आग लागली. चव्वेचाळीस नाटकांचं नेपथ्य गेलं. जुनी नाटकं आलटून पालटून लावणं हेच त्याच्या धंद्याचं भांडवल. नवं पडलं की जुनं काढायचं, अमेरिकेच्या दौऱ्यावर न्यायचं. ते सगळं एका सकाळी राख झालं. नुकसान तीस हजार पौंडांच्या वर, आणि विमा सहा हजारांचा. आधी दहा हजारांचा होता. काटकसर म्हणून अर्व्हिंगनेच तो कमी करायला लावला होता. मखमलीवर वाटेल तेवढा पैसा ओतणारा माणूस, आणि हात आखडला तो विम्यावर.

हसू नको. माझ्या व्यवस्थापकीच्या तिसऱ्या वर्षी आम्ही दोन नाटकांचे सेट एका ओळखीच्या माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले, भाडं निम्मं म्हणून. जुलैत नाल्याचं पाणी शिरलं. सेटच्या चौकटी फुगून पावासारख्या झाल्या, कपडेपटाला बुरशी. त्या शनिवारी प्रयोग होता, तारीख परत करता येईना. काळ्या पडद्यावर प्रयोग केला. लोकांनी 'काय प्रयोगशील नेपथ्य' म्हणून कौतुक केलं आणि मी मेकअप रूममध्ये जाऊन रडलो. विमा नव्हताच, कमी करायचा प्रश्नच नाही.

१८९८च्याच शरदात ग्लासगोच्या दौऱ्यावर अर्व्हिंगला न्यूमोनिया झाला. अंथरुणातून उठेपर्यंत हातातली सत्ता गेली होती. लायसियम एका कंपनीच्या ताब्यात द्यावं लागलं. ज्या माणसाने वीस वर्षं सगळं एका हातात ठेवलं तो आता स्वतःच्याच नाट्यगृहात करारावर खेळू लागला. १९०२ साली तेही संपलं. मग छातीत दुखणं घेऊन गावोगावचे दौरे. ऑक्टोबर १९०५, ब्रॅडफर्ड. 'द बेल्स' आता झेपणार नाही असं ठरवून त्याचं नेपथ्य लंडनला परत पाठवून दिलं. १३ तारखेला टेनिसनचं 'बेकेट' केलं. नाटकातलं शेवटचं वाक्य देवाच्या हाती स्वतःला सोपवणारं. तासाभरात हॉटेलच्या दालनात गेला. यावरही आपले लोक टाळ्या घेतात, 'रंगमंचावरच गेला जणू' वगैरे. मला मात्र त्या परत पाठवलेल्या नेपथ्याचं जास्त वाईट वाटतं. सदुसष्टाव्या वर्षी आजारी माणूस दौऱ्यावर का होता, ते त्या टेम्पोवाल्याला विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं. टेम्पो माझा, तिथे रेल्वे होती.

संस्था काढू नको असं मी म्हणत नाहीये. काढ. पण आईचा फ्लॅट यातून बाहेर ठेव, त्यावर मी वाद घालणार नाही. पहिले पंचवीस प्रयोग कुणाच्या तरी जुन्या बॅनरखाली कर. नफ्यात वाटा दे, नाव आपलं लावता येईल. हिशेब तुझ्याकडे नको. तू रिहर्सलला गेलीस की चहाची बिलं पर्समध्ये आणि पर्स रिक्षात, हे मी पाहिलंय. त्या नाट्यगृहावर बुकिंगला बसणारी ती मुलगी आहे ना, तिच्याशी बोल. तिला प्रत्येक वाराचा गल्ला तोंडपाठ आहे.

रविवारी सकाळी दहाला ये, काकू थालीपीठ करणार आहे. येताना तीन कागद आण. एक, कलाकारांच्या नाइटसकट, म्हणजे प्रयोगामागच्या मानधनासकट, एका प्रयोगाचा पूर्ण खर्च. दुसरा, गोडाऊनचं भाडं आणि विम्याचा हप्ता. तिसऱ्यावर एकच नाव हवं, तुझा घसा बसला तर त्या रात्री तुझी भूमिका कोण करणार त्याचं. ते नाव सुचलं नाही तरी ये. पण मग मुलीची भूमिका कोण करतंय तेही अजून ठरवू नको.

तुझा,
काका