आकडा मी काढलाय म्हणजे लागणारच!

प्रश्न: आमचे मिस्टर मटका खेळतात. दारू नाही, बिडी नाही, स्वभावाने एकदम शांत. पण रात्री जेवण झालं की जुन्या निकालांचे चार्ट आणि वही घेऊन बसतात, लाल पेनाने गोल करतात, आडव्या-तिरक्या रेघा मारतात. काही बोलायला गेलं की म्हणतात, मी काय आंधळा जुगार खेळत नाही, माझा अभ्यास आहे, परवा फक्त एका आकड्याने गेला. दुकानाचा हिशोब पै-पैचा ठेवणारा माणूस, मग इथेच अक्कल कुठे जाते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, अक्कल कुठे गेलेली नाही, तीच तर ओव्हरटाइम करतेय! मिस्टर आळशी असते तर एवढे अडकलेच नसते.

आधी मटक्याचं बघू. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झालं, मग मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या आणि नंतर पत्ते. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक तो ओपन म्हणजे पहिला निकाल, तसाच पुन्हा क्लोज म्हणजे दुसरा. तीन पत्त्यांच्या अशा जुळण्यांना पाने म्हणतात, ती एकूण २२० आणि शून्य ते नऊ प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२-२२, म्हणजे काल पाच आला म्हणून आज आठची पाळी असं पत्त्यांना कोणी सांगायला जात नाही. (आणि पत्ते काढणाराच चलाख असला तर चार्टचा आणखीनच उपयोग नाही, तो बघणार कुठल्या आकड्यावर कमी पैसा लागलाय ते.) बहुतेक ठिकाणी सिंगलला, म्हणजे एकाच अंकावर लावलं तर, दहाचे नव्वद मिळतात पण लागायचा दहातून एकदा, म्हणजे शंभरामागे दहा रुपये धंदेवाल्याचे, रात्रभर अभ्यास करून लावा नाहीतर डोळे मिटून लावा.

मग अभ्यासाने होतं काय? आकडा 'आपला' होतो. १९७५ मध्ये एलेन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ऑफिसातल्या लोकांना एकेक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली, काहींना स्वतः निवडू दिलं आणि काहींच्या हातात नुसतं ठेवलं. सोडतीच्या आधी विचारलं, विकतोस का, केवढ्याला? ज्यांच्या हातात नुसतं ठेवलं ते सरासरी दोन डॉलर मागत होते आणि ज्यांनी स्वतः निवडलं ते साडेआठच्या वर! सोडत तीच, चान्स तेवढाच. आणि हे नुसतं तिकीट उचलल्यावर झालं, मिस्टरांनी तर रात्रीच्या रात्री घातल्यात त्या आकड्यात. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स हेन्स्लिन यांनी अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या टॅक्सीवाल्यांचा फाशांचा डाव बघून लिहिलंय की लहान आकडा हवा असला की ते फासा हळू टाकायचे, मोठा हवा असला की जोरात. आपल्याकडे कवड्या फुंकून टाकणारे काय वेगळं करतात?

रेघांचं म्हणाल तर आकडा येऊन गेल्यावर रेघ मारली की ती कुठून ना कुठून जातेच, एवढे रकाने असतात चार्टमध्ये. आणि 'एका आकड्याने गेला' हे तर फारच जुनं दुखणं. आपण समजतो जुगारी हरलेलं विसरतो, पण मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी १९८३ मध्ये पैजा लावणाऱ्या विद्यार्थ्यांचं बोलणं तपासलं तर ते हरलेल्या पैजांवरच जास्त बोलत होते, जिंकलोच होतो पण ऐन वेळेला अमुक झालं म्हणून गेला, असं. म्हणजे हार जमेच्या बाजूला! मटक्यात तर पाचावर लावलं आणि चार आला काय किंवा नऊ आला काय, दोन्हीत पैसे सारखेच जातात.

तर तुम्ही 'सोडा' म्हणून मागे लागू नका, त्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार आहे. दुकानाच्या वहीसारखी एक वही करायला सांगा, निकालाच्या आधी तारीख टाकून आकडा लिहायचा, खाडाखोड नाही, आणि समोर लावले किती, आले किती. रेघा मारायच्या तेवढ्या मारू दे. वही दाखवायला टाळाटाळ सुरू झाली तर मात्र प्रकरण अभ्यासाच्या पुढे गेलंय असं समजा.

प्रश्न: गोव्यात कॅसिनोत स्लॉट मशीनवर दोन चित्रं जुळतात आणि तिसरं एक घर खाली थांबतं. टायमिंग थोडं सुधारलं तर जमेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही जमणार. आताच्या मशीनमध्ये बटण दाबताक्षणी आतला प्रोग्रॅम निकाल काढून मोकळा होतो, नंतर चाकं फिरतात ती तुम्हाला दाखवायला. थांबवायचं बटण दिलेलं असलं तरी त्याने बहुतेक वेळा फिरणं लवकर संपतं, निकाल बदलत नाही. मानसशास्त्रज्ञ ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात गंमत अशी दिसली की थोडक्यात हुकलं की लोकांना वाईट वाटायचं, तरी पुन्हा खेळावंसं वाटायचं, पण जुळवायचं चित्र आधी स्वतः निवडलं असेल तरच. कॉम्प्युटरने निवडलेलं हुकलं तर तसं होत नव्हतं. तुम्हाला बटण का दिलंय ते कळलं ना?

प्रश्न: रमी तर स्किलचा गेम आहे, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. माझं स्किल चांगलं आहे पण दीड लाख गेले, घरी माहीत नाही. बंदी आली तरी दुसरे ॲप मिळतात. – एक वाचक, पुणे

उत्तर: अरे, कोर्टाने १९६८ मध्ये म्हटलं ते खरंय, पण ते रमी कायद्याने जुगार ठरते का एवढ्यापुरतं, तू जिंकशील असं कुठे म्हटलंय त्यात! समोरच्याकडेही स्किल असतं आणि टेबल चालवणारा आपलं कमिशन कापून घेतोच, कोणी का जिंकेना. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, त्यात रमीसुद्धा आली, स्किल असो नसो. आता जे चोरून चालतात त्यांनी तुझे पैसे अडकवले तर तू तक्रार कोणाकडे घेऊन जाणार? ॲप आजच काढ, यूपीआयची लिमिट बँकेतून कमी करून घे आणि गेलेले भरून काढायला अजून एक डाव असला हिशोब मांडू नकोस. घरी ताई, दादा, ज्याच्याशी जमतं त्याला या आठवड्यात आकडा खरा सांग, अर्धा नाही. एकट्याने जमेना वाटलं तर १४४१६ ला फोन कर, सरकारी टेली-मानस आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.