'संथ' हा शब्द खोड

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू सिनेमांवर लिहून पाठवलेली पानं दोनदा वाचली. सात सिनेमे, आणि सातही असे की आपल्या सोलापुरात आठवडाभर टिकले तर नशीब. तू ते शोधून शोधून बघतेस याचा मला फार आनंद आहे. पण एक गोष्ट खटकली, ती सांगतोच. पाच ठिकाणी 'अप्रतिम' आणि दोन ठिकाणी 'संथ, पण सुंदर'. हे शब्द खोड.

मोठ्या सिनेमाबद्दल कुणी काहीही लिहिलं तरी लोक बघायला जातातच. 'सैराट'चं तुझ्या-माझ्या मतावाचून काही अडलं नाही. पण त्याच नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' घे. चोरीत ढकललं गेलेलं पोर, त्याला शाळेत जायचंय, एवढाच छोटा लघुपट. दिग्दर्शकाचा पहिलाच, आणि त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार. माणूस जेऊरचा, म्हणजे आपल्याच करमाळा तालुक्यातला. तरी पेठेत विचारून बघ, 'पिस्तुल्या' पाहिलेला माणूस सापडायला वेळ लागेल. अशा फिल्मपर्यंत कुणी पोचलाच तर तुझ्या पानावरून पोचणार. तिथे तू 'अप्रतिम' लिहिलंस तर त्याच्या पदरात काय पडलं?

मंजुळेंच्याच 'फँड्री'वर तू लिहिलंयस, 'जातीचं दाहक वास्तव'. खरं आहे, पण हे सिनेमा न बघताही लिहिता येतं. मी तो 2014 साली इथेच थिएटरात पाहिला. डुक्कर धरायला त्यातल्या पोराचं, जब्याचं, सगळं घर उतरलंय, पळून पळून दमलेत. आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जो जिथे आहे तिथे ताठ उभा. डुक्कर डोळ्यांदेखत निघून जातं. आमच्या पुढच्या रांगेतले दोघं-तिघं त्या सुरांबरोबर उठले आणि पडद्याकडे बघत तसेच राहिले. बसावं की उभं राहावं, त्यांना कळेना. सबंध थिएटर गप्प झालं होतं. तू त्या प्रसंगावर एक ओळसुद्धा लिहिलेली नाहीस. तुला तिथे काय झालं, ते मला वाचायचंय.

आता 'संथ'. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' मी तुझ्या काकूबरोबर पाहिला. ती मोहोळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलाय म्हटल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर, किसनावर, नजर ठेवायला पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. किसना जाईल तिथे ते पोर. मी मध्यंतरात म्हणालो, पुढे काही घडेना. काकू म्हणाली, "अहो, त्या बाईला रात्री झोप लागत असेल का?" मी जिथे काही घडत नाही म्हणत होतो तिथे ती बाई जागी होती. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी फक्त अलकाकडे बघितलं, आणि सिनेमा कुठेच रेंगाळला नाही.

लांबलाय असं वाटलं तर जरूर लिही, पण कुठून ते सांग. 'विहीर' मला मनापासून आवडतो, तरी त्यातला नचिकेत वारल्यानंतर मधला काही भाग मला लांबल्यासारखा वाटतो, आजही. ज्या सिनेमाला प्रेक्षक मिळत नाही त्याच्यावर दया म्हणून उणं झाकू नकोस. दयेने लिहिलेलं वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींत कळतं.

एक सवय लाव. माझ्या तरुणपणी सोलापूरच्या पूर्व भागातला एक तेलुगू मित्र मला तेलुगू सिनेमाला न्यायचा. तो यंत्रमागावर होता, सुटी असली की पहिला खेळ. मला तेलुगूचं अक्षर कळत नसे. परतताना तो विचारायचा, काय समजलं? मी हातवाऱ्यांवरून, कोण कुणाकडे बघत नाही यावरून गोष्ट सांगायचो, आणि बऱ्याचदा ती बरोबर निघायची. एखादा प्रसंग तू आवाज बंद करून बघ. मग डोळे मिटून नुसता ऐक. मग लिही.

थिएटरवाल्यांवर तू चिडलीयस, तो राग मला मान्य आहे. दुपारी बाराचा एकच खेळ लावायचा आणि माणसं येत नाहीत म्हणून शुक्रवारी उतरवायचा, हे मीही अनेकदा सोसलंय. पण तो राग वेगळ्या पानावर लिही. सिनेमाच्या पानावर सिनेमाच असू दे.

आणि 'सामना' तू अजून पाहिलेला नाहीस, हे मला चालणार नाही. पंढरपुरात जन्मलेल्या जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखर कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्या मुलीला त्या सिनेमातल्या मारुती कांबळेचं काय झालं हे माहीत नसावं?

रविवारी दुपारी ये. 'फँड्री'चं पान नव्याने लिहून आण. शेंगाचटणी घरात आहे, येताना कडक भाकरी तेवढी घेऊन ये. सिनेमा सुरू झाल्यावर मधे कुणी उठायचं नाही.

तुझा,
काका