डायलिसिस सुरू असलेल्या वडिलांची डाळ बंद करावी का? तासगावचे बेदाणे चालतील का?

डाळ पूर्ण बंद करू नये. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करण्यास सांगितलेले असते आणि तेच पथ्य पुढेही अनेक घरांत निष्ठेने पाळले जाते; प्रत्यक्षात डायलिसिसमध्ये प्रथिनांचा काही अंश निघून जात असल्याने वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसास ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. अंडी चालत असल्यास त्यांचा पांढरा भाग उत्तम, कारण या रुग्णांनी कमीच घ्यायचा फॉस्फरस त्यात नगण्य असतो.

बेदाणे मात्र टाळावेत, कारण या रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम साठत जाते. १०० ग्रॅम बेदाण्यांत सुमारे ७५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, ताज्या द्राक्षांत जेमतेम २००. म्हणून रक्तातील पोटॅशियम आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून मोजकी द्राक्षे देता येतात. बटाट्यातले पोटॅशियम कमी करण्यासाठी तो बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी रश्श्यात न घालता ओतून द्यावे. आपल्या सांगलीच्या भडंगाचा मोह कठीण खरा, पण मिठाने तहान वाढते आणि अंगात साठलेल्या पाण्यामुळे दोन डायलिसिसच्या मधले वजनही. ‘लो सोडियम’ मीठ हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते.