नमस्कार करून दिवा घालवणारी माणसं

प्रिय इरा,

रविवारी इथे कॅनडात आपली सकाळ होती, पुण्यात दिवेलागण. फोनवर बोलता बोलता आजीने ट्यूब लावली, तिला हात जोडले आणि उठून आधी स्वयंपाकघरातला दिवा घालवून आली. तू विचारलंस, "नमस्कार केला तर मग बंद कसा करते?" मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री तुझ्या खोलीतला दिवा मी घालवला तेव्हा तू जे म्हणालीस ते काही हसण्यावारी नेता येईना. "बाबा, तुम्ही पुण्यात गरीब होतात का?"

म्हणून हे पत्र. मराठीत आहे, अडलीस तर आईला विचार. मला तोंडी सांगता आलं असतं, पण मी भाषण देतोय असं तुला वाटतं आणि तू डोळे फिरवतेस.

गरीब नव्हतो. अप्पांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, पगार महिन्याच्या एक तारखेला यायचा. नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, चार दिवे, एक पंखा. दाराबाहेर मीटर, आत लाल खुणेची चकती फिरायची. अप्पा ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी चकतीकडे बघायचे आणि तिथूनच ओरडायचे, "मीटर पळतोय! आत कोण आहे?" आत कोणी नसायचं, तेच त्यांचं दुःख.

मोठी आई, म्हणजे तुझी पणजी, देवापाशी रात्रभर झिरोचा बल्ब ठेवायची. नावाला शून्य, पण तो पंधराएक वॅट खायचा. गंमत म्हणजे एकटा तोच चालू असला तर जुन्या मीटरची चकती बहुधा हलायचीच नाही. अप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. एवढे काटेकोर अप्पा त्या बल्बबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. देवाच्या नावावर तेवढी चोरी आमच्या घरात खपून जायची.

आणि गुरुवार! गुरुवारी लाईट जाणार हे ठरलेलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून तारांची दुरुस्तीही त्याच दिवशी काढायचे. संध्याकाळपर्यंत लांबलं तर वाड्यातली सगळी पोरं चौकात जमायची आणि लाईट आले की "आSSSले!" असा गलका व्हायचा. मग प्रत्येक दारात कोणीतरी दिव्याला हात जोडलेले दिसायचे. आजी तेच करते. त्यात देवबाप्पा किती आणि सवय किती, हे मला सांगता येणार नाही.

आता सरूमावशीबद्दल. ती वाड्यात धुणंभांडी करायची. माहेर मुळशीकडचं. तिच्या आज्याचं गाव मुळशीच्या धरणात गेलं होतं. तू पुण्यात गेलीस की सेनापती बापट रस्त्यावर गाडीत अडकून कंटाळतेस ना, ते सेनापती बापट १९२१ साली याच धरणाविरुद्ध उभे राहिले, 'सेनापती' हे नावही त्यांना तिथेच मिळालं. धरण तरीही झालं. मुळा नदीचं पाणी पुण्याकडे यायचं ते अडवून घाटाखाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. सरूमावशी भांडी घासता घासता म्हणायची, "आमच्या पान्याची लाईट मुंबईला, न् आमच्या वाडीवर रॉकेल बी रेशनचं." एवढं बोलून ती पुढची कढई घ्यायची. चिडलेली वगैरे नसायची.

तिचा बाळू दहावीला होता. पर्वतीला तिच्या खोलीत तेव्हा वीज नव्हती, म्हणून तो आमच्या जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यासाला बसायचा. वाड्याच्या मालकांनी एक दिवस तो बल्बच काढून नेला. बिल त्यांच्या मीटरवर येतं म्हणाले, आणि खोटं नव्हतं ते. मग अप्पांनी आमच्या दारावर चाळीसचा बल्ब लावला, आपल्या मीटरवर. त्या दिवसापासून आतले दिवे आणखीच कडक झाले. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो की मागचा दिवा गेलाच पाहिजे. मी कुरकुर केली तर अप्पा म्हणाले, "बाहेरचा लागतोय ना? मग आतला जाईल."

अप्पांना संत करू नकोस. दहाच्या ठोक्याला ते बाहेरचा दिवाही घालवायचे. बाळू वही उचलून बोळातल्या खांबाखाली जायचा. मला ते आठवतं आणि आजही बरं वाटत नाही. इतका हिशेब कशाला, असं मी माझ्या आईला म्हणालो होतो, अप्पांना म्हणायची हिंमत नव्हती. बाळू मार्चला गणितात गेला, ऑक्टोबरला बसून सुटला.

तर तुझं म्हणणं, इथे क्युबेकमध्ये वीज पाण्याची आहे, धूर नाही, संपत नाही. जवळजवळ सगळीच पाण्याची, हे बरोबर. तुम्ही शाळेत ला ग्रांद नदीवरच्या धरणांचा तक्ता केलात तेव्हा त्यात तिथल्या मूळ रहिवासी क्री लोकांबद्दल दोन ओळी होत्या. त्यांच्या शिकारीच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, १९७५ साली करार झाला. तू त्या दोन ओळी हिरव्या पेनने लिहिल्या होत्यास. मला मात्र तक्ता बघताना सरूमावशीची कढई दिसत होती. तुला तेव्हा बोललो नाही, उगाच कशाला.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आई लिहील. तुझ्या खोलीतला दिवा नऊ वॅटचा. बेसमेंटमधला हीटर दीड हजार वॅटचा. तो एक तास चालला की तेवढ्या विजेत तुझा दिवा जवळजवळ सात दिवस, सात रात्री जळेल. म्हणजे मी तुझ्या मागे लागून जे वाचवतो ते चिल्लर आहे. आणि जगात अजून ६५ ते ७० कोटी माणसांच्या घरी वीजच नाही, त्यातली बहुतेक आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला. मी इथे बटण दाबलं म्हणून तिथे कोणाच्या घरी दिवा लागत नाही. आमच्या वाड्यात लागायचा, कारण मीटर एकच होता. हा फरक मला कळतो. हाताला कळत नाही, तो बटणाकडे जातोच.

तुझ्या खोलीतला दिवा तू हवा तेवढा ठेव, वाचत असशील तर नक्कीच ठेव. मी दारात येऊन उभा राहिलो तर ते तुझ्यावर लक्ष ठेवायला नसतं, असं समज. आजीला मात्र रविवारी विचार, हात जोडताना ती ओठांत काय पुटपुटते. मला तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आणि एक. काल रात्रभर बेसमेंटमधला हीटर चालू होता. खाली कोणी नव्हतं. सकाळी आईने बंद केला. तो मी विसरलो होतो.

तुझा,
बाबा