कानसेनांची पेटी: सात वर्षं थांबलो आणि हाती हे एवढंच?

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की मॅसिव्ह अटॅक या इंग्लंडमधल्या बँडचा २०१० चा 'हेलिगोलँड' हा त्यांचा सगळ्यात कमी ऐकला गेलेला चांगला अल्बम आहे. बस, एवढंच. त्यावर जी पत्रं आलीत ती बघता पेटीचं झाकण बंद होईना, आणि त्यातली निम्मी माझ्याशी भांडायलाच आलीयेत. त्यामुळे यावेळी दुसरा विषय नाही.

एक वाचक, नाशिक: दादा, मी या बँडपर्यंत 'हाऊस' सिरियलच्या टायटलमुळे पोचलो, मग 'टिअरड्रॉप' शंभर वेळा ऐकलं, मग 'मेझनाइन' अख्खा पाठ झाला. तुमचं वाचून मोठ्या आशेने 'हेलिगोलँड' लावला, तर काही घडतच नाही हो. गाणं सुरू होतं, तसंच चालत राहतं, संपतं. सात वर्षांनी परत येऊन माणूस असं करतो का? माझं काही चुकतंय का यांचं?

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये, मलाही पहिल्यांदा अगदी हेच वाटलं होतं. २०१० मध्ये एका मित्राने लंडनहून सीडी आणली, आम्ही ती पुण्याहून मुंबईला जाताना गाडीत लावली आणि खंडाळ्याच्या बोगद्यापर्यंत गप्पा मारत बसलो, म्हणजे अल्बम चालू आहे हेच विसरलो. आता विचार करतो की यात अल्बमचा दोष किती आणि गाडीच्या एसीच्या आवाजाचा किती.

पण आधी थोडी पार्श्वभूमी, कारण हा अल्बम असा का आहे ते त्याशिवाय कळत नाही. १९९८ ला 'मेझनाइन' आला तेव्हा हे तिघं होते, थ्रीडी म्हणजे रॉबर्ट डेल नाजा, डॅडी जी म्हणजे ग्रँट मार्शल, आणि मशरूम म्हणजे अँड्र्यू व्हाउल्स. तो अल्बम काळा, गिटारवाला, दाबून टाकणारा, आणि तो करतानाच घरात भांडणं लागली, मशरूम १९९९ मध्ये बाहेर पडला. पुढच्या '१००थ विंडो'च्या वेळी, म्हणजे २००३ मध्ये, डॅडी जी पण घरच्यांसाठी बाजूला झालेला, त्यामुळे तो अल्बम म्हणजे थ्रीडी आणि निर्माता नील डेव्हिज या दोघांचाच कारभार. गाणी वाईट नाहीत, शिनेड ओकॉनर तर कमाल गायलीये, पण ऐकताना फ्रीज उघडा राहिलाय असं वाटतं. मग सात वर्षं पूर्ण अल्बम नाही. मध्ये २००४ ला 'डॅनी द डॉग' सिनेमाचं संगीत आणि २००६ ला निवडक गाण्यांचा एक संग्रह आला.

आणि मग फेब्रुवारी २०१० मध्ये 'हेलिगोलँड', ज्यात डॅडी जी परत आलाय. आता हे परत येणं त्यांनी कसं जाहीर करावं? आपल्याकडे कोणी सात वर्षांनी परतलं की ढोलताशा लागतो. इथे तिसऱ्या गाण्यात, 'स्प्लिटिंग द अॅटम'मध्ये, एक पेंगुळलेला ऑर्गन चालू असतो, टाळ्या पडत असतात, आणि त्यावर एक खर्जातला आवाज येऊन जवळजवळ बोलल्यासारखं गातो. तोच डॅडी जी. बस. रात्री उशिरा घरी आलेला माणूस चपला काढून, लाइट न लावता, आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसावा तसं. मला हा अल्बम त्या क्षणाला आवडायला लागला, आणि तोही तिसऱ्या-चौथ्या वेळी ऐकताना.

"काही घडत नाही" म्हणता ना, तर पहिलंच गाणं 'प्रे फॉर रेन' परत लावा. पावणेसात मिनिटांच्या आसपासचं आहे, पियानो आणि ढोलासारखा ठोका, टीव्ही ऑन द रेडिओ बँडचा टुंडे अडेबिंपे गातोय, आणि सगळं एखाद्या पावसाआधीच्या दुपारसारखं कुंद. मग अर्धं गाणं उलटून गेल्यावर एकदम आभाळ उघडतं, थोडा वेळ लख्ख ऊन, आणि परत मिटतं. तुम्ही त्या वेळेपर्यंत फोन हातात घेतला असेल तर ते ऊन गेलंच.

एक वाचक, ठाणे: या अल्बमवर दहा गाणी आणि सहा पाहुणे. स्वतःचा गायक नाही, प्रत्येक गाण्याला नवा आवाज. याला बँड म्हणायचं का लग्नातला ऑर्केस्ट्रा?

उत्तर: लग्नातल्या ऑर्केस्ट्राला नावं ठेवू नका, माझी निम्मी गाणी तिथेच पाठ झालीत.

पण खरं सांगू का, हा प्रश्न इंग्रज वाचकाने विचारला असता तर समजलो असतो. मराठी माणसाने विचारला याची गंमत वाटते, कारण आपण तर लहानपणापासून संगीतकाराच्या नावाने गाणी ओळखत आलो. खळेकाकांची चाल भीमसेनजींनी गायली काय आणि लताबाईंनी गायली काय, दोन ओळींत कळतं की खळे आहेत. मॅसिव्ह अटॅककडे तसं बघा, सगळा गुंता सुटतो. चाल त्यांची, घर त्यांचं, बेस त्यांचा, आणि कुठल्या खोलीत कोणाला बसवायचं हे त्यांनी ठरवायचं.

आणि हे त्यांनी नंतर शोधलेलं नाही, त्यांची सुरुवातच तशी आहे. त्यांचं ब्रिस्टल हे जुनं बंदराचं गाव, तिथे सेंट पॉल्स भागात जमैकाहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती, आणि त्यांच्याबरोबर साउंड सिस्टीमची पद्धत आली. म्हणजे भिंतीएवढे स्पीकर, रेकॉर्ड निवडणारा एक जण, आणि ज्याला सुचेल त्याने माइक घ्यायचा. ऐंशीच्या दशकात 'द वाइल्ड बंच' नावाची अशीच टोळी होती, तिच्यातून हे लोक निघाले, रॅपर ट्रिकी पण त्यांच्याच आसपासचा. तिथे "आमचा गायक" ही कल्पनाच नव्हती. १९९१ च्या पहिल्या अल्बमपासून बघा ना, शारा नेल्सन, मग पुढे ट्रेसी थॉर्न, एलिझाबेथ फ्रेझर, सगळे पाहुणेच. फक्त एक माणूस पाहुणा म्हणून आला आणि गेलाच नाही, तो म्हणजे होरेस अँडी. जमैकाचा जुना रेगे गायक, जन्म १९५१ चा, पाचही अल्बमवर आहे. 'हेलिगोलँड' आला तेव्हा साठीला टेकला होता आणि 'गर्ल आय लव्ह यू'मध्ये त्याचा तो थरथरणारा उंच आवाज ऐका, खाली बेस एखाद्या ट्रकसारखा अंगावर येतोय आणि वर हा माणूस दोरीवर चालल्यासारखा. शेवटी पितळी वाद्यं सुटतात तेव्हा मी दर वेळी आवाज वाढवतो, शेजारी काहीही म्हणोत.

बाकीच्यांबद्दल माझं मत सरळ सांगतो, पटलं तर घ्या. मार्टिना टॉपली-बर्डला दोन गाणी दिलीत, 'बेबल' आणि 'सायकी'. ही बाई १९९५ च्या ट्रिकीच्या पहिल्या अल्बमवर गायलेली, म्हणजे नात्यातलीच, आणि 'सायकी'त तर ठोका जवळपास नाहीच, गिटारची एक गुंडाळी फिरत राहते आणि ती त्यावर तरंगते. होप सँडोव्हलचं 'पॅराडाइज सर्कस' हे या अल्बमचं सगळ्यात गाजलेलं गाणं, बीबीसीच्या 'लूथर' सिरियलला टायटल म्हणून लागलं, तुमच्यापैकी पुष्कळांनी अल्बमचं नाव न कळता ऐकलेलं असणार. ती गातेय की कानाशी श्वास घेतेय तेच कळत नाही, आणि शेवटी व्हायोलिनं येतात तेव्हा ती गप्प होते, हे गप्प होणं फार कमी गायकांना जमतं. डेमन अल्बर्नचं 'सॅटरडे कम स्लो' मात्र मला अजूनही पूर्ण पटत नाही, सुंदर आहे, पण तिथे पाहुणा घरापेक्षा मोठा होतो, ते गाणं त्याच्याच एखाद्या अल्बमवर शोभलं असतं. आणि एल्बो बँडच्या गाय गार्वीचं 'फ्लॅट ऑफ द ब्लेड' बरोबर उलट, इतका ओळखीचा उबदार आवाज घेऊन त्याला तुटक्या, टिकटिकणाऱ्या मशिनच्या आवाजात एकटं उभं केलंय. आवडायला मला दोन वर्षं लागली.

नावं मोठी आहेत पण कोणीही आपलं नाव गाजवायला आलेलं नाही, मी 'कमी ऐकला गेलेला' म्हणतो ते यामुळेच. एकालाही मोठा सूर लावायची, तान मारायची मोकळीक दिलेली नाही. आजकालच्या 'फीचरिंग'वाल्या गाण्यांची सवय असली की हे बेचव वाटतं, कबूल.

एक वाचक, हॅम्बुर्ग: आम्ही गेल्या उन्हाळ्यात इथून बोटीने हेलिगोलँडला गेलो होतो, लाल कडे, पक्षी आणि ड्यूटी-फ्री दुकानं. अल्बमला हे नाव काय म्हणून?

उत्तर: तुमचा हेवा वाटला. आधी या अल्बमचं नाव 'वेदर अंडरग्राउंड' ठेवायचं चाललं होतं, नंतर बदललं. पण बेटाचा इतिहास बघितला तर ते या संगीताला असं काही चिकटतं की बस. उत्तर समुद्रातला एवढासा खडक, आधी डेन्मार्कचा, मग ब्रिटिशांचा, १८९० मध्ये आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाच्या सौद्यात जर्मनीला देऊन टाकला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी तिथले लष्करी भुयारी अड्डे उडवायला १८ एप्रिल १९४७ ला हजारो टन दारूगोळा एकदम पेटवला. बेटाचा आकार बदलला पण बेट बुडालं नाही.

आणि दुसरी गोष्ट, १९२५ च्या जूनमध्ये वेर्नर हायझेनबर्ग नावाचा तेविशीतला पोरगा परागकणांच्या अॅलर्जीने सुजलेला चेहरा घेऊन या बेटावर आला, कारण इथे झाडंच फारशी नाहीत, आणि इथेच त्याला क्वांटम मेकॅनिक्सचं गणित सुटलं. आता त्याच नावाच्या अल्बमवर 'अणू फोडणं' अशा नावाचं गाणं. मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, मला आपलं जुळवायला आवडतं.

एक वाचक, कोल्हापूर: यांचा आपल्याकडच्या संगीताशी काही संबंध?

उत्तर: आहे, आणि चांगला आहे. नुसरत फतेह अली खान यांच्या 'मस्त मस्त'चं रीमिक्स यांनीच केलं होतं, १९९० च्या सुमाराला, पहिला अल्बम यायच्या आधी. कव्वाली ब्रिटनच्या क्लबांत वाजायला लागली ती त्याने. तिथेही बघा, खाली रेगेचा बेस आणि वर पाहुणा आवाज, म्हणजे पद्धत तेव्हाच पक्की झालेली.

आणि त्यांच्या 'अनफिनिश्ड सिंपथी'मध्ये मधून मधून जी "हे हे"ची हाक येते ती महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या १९७६ च्या एका गाण्यातून उचललेली. महाविष्णू म्हणजे जॉन मॅकलॉफ्लिन, आपल्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' बँडमध्ये गिटार वाजवायचे, तेच. उचलताना विचारलं नव्हतं म्हणून पुढे पैसे मोजावे लागले, ते वेगळं.

एक वाचक, सोलापूर: मी कॉलेजला आहे, फोनवरच ऐकतो. वेगळा स्पीकर घ्यायलाच पाहिजे का?

उत्तर: स्पीकर नको घेऊस, पण फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नकोस, कारण तू तो ऐकलेलाच नसशील. यांचा बेस ४० ते १०० हर्ट्झच्या घरात चालतो आणि फोनच्या त्या बारक्या भोकांतून त्यातलं जवळपास काहीच बाहेर येत नाही. म्हणजे घराचा पाया काढून घेतला आणि वरच्या खिडक्या तेवढ्या बघितल्या. कानात नीट बसणारे साधे वायरचे इअरफोन पुरे, रबराची टोपी योग्य मापाची लाव, बेस निम्मा तिथेच गळतो. आणि रात्री ऐक, शफल बंद करून. 'अॅटलस एअर' शेवटी का ठेवलंय ते शफलवर कळणार नाही.

एक वाचक, डोंबिवली: मुखपृष्ठावरचा तो रंगीत चेहरा कोणी काढला? मुलीने टी-शर्टवर रंगवायला घेतलाय.

उत्तर: थ्रीडीने स्वतः. तो बँडच्या आधीपासून ब्रिस्टलच्या भिंती रंगवायचा. गंमत म्हणजे या अल्बमचं पोस्टर लंडनच्या भुयारी रेल्वेत लावू दिलं नाही, ग्राफिटीसारखं दिसतं म्हणून, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. टी-शर्ट झाला की फोटो पाठवा.

एक वाचक, पुणे: आणि पुढचा अल्बम?

उत्तर: 'हेलिगोलँड' हा पाचवा. त्यानंतर २०१६ ला 'रिच्युअल स्पिरिट' आलं, चारच गाणी, पण ट्रिकी त्यात परत आला हे महत्त्वाचं. २०२० ला 'युटोपिया', तीन गाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या मैदानावर मोठा कार्यक्रम केला, बॅटरीवर चालणारा, लोकांना गाडी घरी ठेवून ट्रेनने या म्हणून सांगितलं. मी त्याचं रेकॉर्डिंग बघत होतो, होरेस अँडी सत्तरी ओलांडलेला, स्टेजवर आला, तोच थरथरता आवाज, गाणं म्हटलं आणि हात हलवून आत गेला.