चिप उचलल्या जातात, पण काचेवर सुटत नाहीत: १६ × १६ रंगीत डिस्प्ले

तुमची अडचण अशी: कोल्हापुरातल्या कॉलेज लॅबमध्ये तुम्ही १६ × १६ ठिपक्यांचा रंगीत डिस्प्ले बनवताय; पीडीएमएस या सिलिकोन रबराचा, छोट्या खांबांचा स्टॅम्प एलईडी चिप टेपवरून उचलतो, पण काचेवर सोडत नाही. आधी वेग तपासा.

या रबराची पकड सोलण्याच्या वेगावर ठरते. सेकंदाला १० सेंमीच्या आसपास झटक्यात ओढलं तर चिप रबराला चिकटून येते. सेकंदाला १ मिमीच्या आसपास सावकाश सोललं तर खाली राहते. इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २००६ मध्ये हे दाखवलं आणि २००९ मध्ये याच मार्गाने अतिपातळ एलईडी छापले. (त्यांची हायड्रोफ्लोरिक ॲसिडची पायरी कॉलेजात करू नका. तयार सुट्या चिप घ्या.) तुमची मोटर दोन्ही वेळी एकाच वेगाने चालत असेल तर दोष तिथेच आहे. सोडताना हलकं दाबा, १०-२० मायक्रॉन बाजूला सरकवा, मग सावकाश उचला. सरकवल्यामुळे रबर चिपपासून कडेने सुटू लागतं.

काचेवरचा इपॉक्सीचा (चिप धरणाऱ्या गोंदाचा) थर पातळ आणि अर्धवट सुकलेला हवा. जाड झाला तर चिप तरंगून तिरकी बसते.

जागा चुकत असेल तर कारण तापमान. पीडीएमएस दर अंशाला सुमारे ०.०३ टक्के फुगतं. २० मिमीच्या स्टॅम्पवर सकाळ-दुपारचा ५ अंशांचा फरक म्हणजे ३० मायक्रॉन. म्हणून स्टॅम्प काचेच्या पाठीवरच ओता. ७० अंशांना पक्का केला तर थंड होताना आकसतो. खोलीच्या तापमानाला ४८ तास ठेवलेला बरा. लॅटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यातल्या गंधकामुळे रबर चिकट राहतं.

साच्यासाठी उद्यमनगरात ॲल्युमिनियम मिलिंग करून मिळेल, पण साच्याच्या तळावरच्या टूलच्या रेघा स्टॅम्पच्या खांबांच्या माथ्यावर उमटतात आणि चिप धरली जात नाही. त्यापेक्षा लेझरने कापलेलं एसएमटी स्टेन्सिल (सर्किट बोर्डावर सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पातळ पत्रा) काचेवर घट्ट दाबून साचा करा; माथा काचेसारखा गुळगुळीत येतो. माथ्यावर धूळ बसली की सेलोटेप लावून काढा.

लाल चिप घेताना दोन्ही पॅड (वीज जोडायच्या जागा) वरच्या बाजूला असलेल्याच घ्या. अनेक लाल चिपचा एक पॅड तळाशी असतो, तो गोंदात गाडला की चिप पेटत नाही.

रंग एकेक करून छापा. २५६ ठिपके, प्रत्येकात लाल, हिरवी, निळी अशा तीन, एकूण ७६८ चिप, म्हणजे ९९ टक्के यशातही सात-आठ मेलेल्या निघतील. हिरव्याआधी प्रत्येक लाल चिप १ मिलिॲम्पिअरवर तपासा. साधारण २ व्होल्टला पेटायला हवी. हिरव्या-निळ्याला ३ च्या जवळ लागतात. इपॉक्सी पूर्ण पक्की होण्याआधीच खराब चिप सुईने काढता येते.